मत्स्यपेटीचा गाळणडबा

आमच्या शाळेच्या शास्त्रशाळेंत दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी कांचेची मत्स्यपेटी आहे. तींत सुमारें ५५ लिटर पाणी मावतें. आमच्याच अज्ञानामुळें तींतील मासे एकदां आठवड्याभरांत दगावले. ती चूक इतरांनीं करूं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाणी गाळणारा बंद डबा, म्हणजेच कॅनिस्टर फिल्टर, पेटीच्या खालीं ठेवितात. पेटींतील पाणी एका नळीनें आपल्याच भारानें डब्यांत उतरतें. तेथें स्पंज व सच्छिद्र कड्या यांतून गाळलें जातें. आणि झांकणांतील मोटार तें दुसऱ्या नळीनें परत वर धाडते. उतरणारें पाणी चढणाऱ्या पाण्यास तोलून धरतें, म्हणून लहानशी मोटारही पुरते. मात्र नळींत हवा राहिली कीं हा तोल मोडतो. विहिरीवरील पंपानें हवा धरली म्हणजे शेतकरी त्यांत पाणी भरतो. तद्वतच येथेंही करावें लागतें.

प्रथम पाण्याच्या वाटेंत स्पंज आधीं व कड्या नंतर येतील अशा रीतीनें डबा भरावा. झांकणाचें रबर पुसून खटके घट्ट लावावे. मग दोन्ही तोट्या उघडून, पाणी उतरूं लागेपर्यंत झांकणावरील दट्ट्या दाबावा. डबा भरत असतां दुसऱ्या नळीवाटे बुडबुडे निघतात. ते थांबल्यावरच मोटार सुरू करावी. खडखडाट झाल्यास डबा किंचित् तिरपा करून उरलेली हवा घालवावी. मोटार कोरडी कधींही चालवूं नये.

हें सर्व आम्हीं यथास्थित केलें होतें. पुढें प्रवाह मंदावला, तेव्हां स्पंज व कड्या नळाखालीं खसखसून धुतल्या, आणि येथेंच चुकलों. सोलापुरास उजनीचें पाणी शुद्ध करून मिळतें; त्यांतील क्लोरीन आपणांस हितकर, परंतु कड्यांवरील उपयुक्त सूक्ष्म जंतूंस घातक. माशांच्या मलमूत्रांतून उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करण्याचें काम हेच जंतु करितात. त्यांची वस्ती नव्यानें जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर आमचे मासे टिकले नाहींत.

आतां आम्हीं स्पंज व कड्या पेटींतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यांत हलकेच विसळतों. वीज कांहीं तास गेल्यास बंद डब्यांत प्राणवायु संपून हे जंतु मरतात, म्हणून मोटार पुन्हां सुरू करण्यापूर्वीं डब्यांतील शिळें पाणी टाकून देतों.

मासे मेले त्या दिवशीं पेटींतील पाणी कांचेसारखें निर्मळ दिसत होतें. निर्मळ दिसणारें पाणी जीवास मानवेलच असें नाहीं, हा धडा आम्हीं त्या दिवशीं शिकलों.