खिडकीखालची भिंत

जिन्यातच रंगाचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतो. तिसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं आहे. उंबऱ्याच्या आत वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांवर पांढरे शिंतोडे. ‘चपला राहू द्या पायात,’ काकू आतून सांगतात.

कोथरूडमधली ही चारमजली इमारत १९८८ची. लिफ्ट नाही. काकू लेकीकडे नाशिकला राहायला निघाल्यात, फ्लॅट विकायचाय. सध्या पितृपंधरवडा चालू आहे. या दिवसांत घर बघायला सहसा कुणी फिरकत नाही, एजंटचा फोनही वाजत नाही. घटस्थापना झाली की मात्र माणसं येऊ लागतील. दसरा साडेतीन मुहूर्तांतला. टोकन त्या दिवशी द्यावं असं पुष्कळांच्या मनात असतं. म्हणून घराची डागडुजी करायची ती आत्ताच.

हॉल निम्मा रिकामा. सोफा मधोमध ओढून त्यावर जुनी चादर टाकलीय. भिंतींवर खिळेच खिळे. कॅलेंडरचा, घड्याळाचा, किल्ल्यांचा, काकांच्या फोटोचा. पेंटर एकेक उपसतो. खिळ्याबरोबर गिलाव्याची कपची निघून येते. भोकात तो पुट्टी भरतो, अंगठ्याने दाबतो, पट्टी फिरवून सपाट करतो. फोटो होता तिथे मूळचा पिस्ता रंग अजून ताजा आहे. बाकीची भिंत पिवळट पडलीय.

पंखे बंद आहेत. धूळ उडेल म्हणून. अंगाला कपडे चिकटतात.

बेडरूममध्ये काम अडलंय. ही पश्चिमेची भिंत. पावसाळाभर वाऱ्याचा मारा हिच्यावरच. खिडकीखाली हातभर पट्ट्यात रंगाला पोपडे आलेत. पेंटर नखाने एक पोपडा उचलतो. मागे कापसासारखा पांढरा खार. तो बोटांत चुरतो, मग वाकून भिंतीवर टकटक करतो. वरच्या बाजूला आवाज भरीव येतो, खाली पोकळ. गिलाव्याने विटा सोडल्यात. काल संध्याकाळी त्याने इथे प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही कडांनी टेप लावून चिकटवला होता. आत्ता तो सोडवून उजेडात धरतो. आतल्या बाजूला बारीक थेंब जमलेत.

‘एजंट म्हणतो, वरून पुट्टी मारा आणि रंगाचे दोन हात द्या. दसऱ्यापर्यंत टिकेल,’ काकू सांगतात.

‘टिकेल की,’ पेंटर म्हणतो. ‘दिवाळीला फुगेल.’

दोघंही भिंतीकडे बघत राहतात. ओल झाकून घर विकणं म्हणजे आपला खर्च अनोळखी माणसाच्या गळ्यात मारणं, असं मला वाटतं. ओठांवर आलेलं मी बोलत नाही; काकूंनाच ठरवू दे. त्या हिशेब विचारतात. पोकळ गिलावा फोडायचा. बाहेरून सज्जा आणि भिंत यांच्यातली फट बुजवायची. नवा गिलावा केला की आठवडाभर पाणी मारायचं, मग दोन-तीन आठवडे सुकू द्यायचा. त्याआधी रंग नाही.

‘म्हणजे लोक बघायला येतील तेव्हा सिमेंट उघडंच असणार?’

‘असणार.’

‘असू दे. फोडा.’

छिन्नी चालू होते. काकू पदर नाकाला लावून बाहेर येतात.

पॅसेजमध्ये शेजारचा कॉलेजातला मुलगा माळ्यावर चढलाय. एकेक वस्तू खाली देतो. बंद पडलेला मिक्सर. पत्र्याची ट्रंक. सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. तांब्याचा बंब, आत कोळशाची राख अजून तशीच. मग स्टीलचे डबे. एका डब्याच्या कडेला टिंबाटिंबांनी कोरलंय: दोन आडनावं आणि १२-५-७९. काकू अक्षरांवरून बोट फिरवतात, डबा नाशिकच्या ढिगात ठेवतात. बाकीचे डबे कामवाल्या मावशी घेऊन जाणार आहेत.

खाली पार्किंगमध्ये भंगारवाला ताणकाटा घेऊन उभा. बंबाचे लोखंडी पाय तो वेगळे करत नाही. काकू तिसऱ्या मजल्यावरून बघतायत. ‘तांबं वेगळं तोला हो,’ त्या गॅलरीतून हाक देतात. तो पाने काढतो आणि उकिडवा बसतो.

स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा सोड्याने घासून झालाय. नळाचे वायसर बदललेत. मोरीच्या जाळीत अडकलेलं सगळं निघालंय. टेबलावर मात्र पसारा आहे, तो कागदांचा. मूळ करारनामा, इंडेक्स टू, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. शेअर सर्टिफिकेटवर आजवर काकांचंच नाव होतं. काकू नॉमिनी होत्या, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; वारसांची संमती लागते. लेकीने नाशिकहून येऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं, तेव्हा कुठे पाठीमागच्या रकान्यात काकूंचं नाव चढलं. रंगापेक्षा कितीतरी जास्त दिवस या फायलीने खाल्लेत. घर विकायला काढणाऱ्यांनी ब्रशआधी फाईल उघडावी.

आता नवरात्रातला रविवार. सकाळचे अकरा. जिन्यात चपलांची रांग, कठड्याला टेकून उभी माणसं. एका कुटुंबाला बाहेर काढल्याशिवाय एजंट दुसऱ्याला आत घेत नाही. जिन्याच्या जाळीतून उन्हाचे ठिपके पडलेत. एक आजोबा मोबाइलमधलं होकायंत्र दाराशी धरून दिशा बघतात. कुणीतरी विचारतं, कन्व्हेयन्स झालंय का, इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार का? एक तरुण टेप काढून एकेक खोली मोजतो. करारात बिल्ट-अप ७५० चौरस फूट लिहिलंय. टेप आतून ६१० दाखवते. एजंट घाम पुसतो.

घर मोकळं, मोठं दिसतंय. पडदे धुतलेले. सगळ्या खिडक्या उघड्या. प्रत्येक जण बेडरूमच्या दारात मात्र थबकतो. पांढऱ्या खोलीत खिडकीखाली सिमेंटचा करडा पट्टा. दोन कुटुंबं तिथूनच मागे फिरलीत.

आता आत आल्यात त्या मायलेकी. लेक नोकरी करणारी, तिशीतली. आई आधी सगळे नळ सोडते, फ्लश ओढते, पाणी किती वाजता येतं ते विचारते. मग बेडरूममध्ये जाऊन करड्या पट्ट्यावर तळवा ठेवते.

‘इथे ओल होती का हो?’

‘अहो, ते फक्त फिनिशिंग...’ एजंट सुरुवात करतो.

‘होती,’ काकू म्हणतात. ‘सज्जाच्या फटीतून पाणी यायचं. फट बुजवलीय. हे बघा फोटो, फोडलेली भिंत, आतल्या विटा.’

‘पण पुढचा पावसाळा गेल्याशिवाय कळणार कसं?’

‘नाहीच कळणार. तेवढं किमतीत धरा.’

एजंट खाली बघतो. लेक विचारते, वरचा खर्च किती? तो कॅल्क्युलेटर काढतो. नव्वद लाख धरू. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ६,३०,०००. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, ५,४०,०००. नोंदणी फी ३०,०००. व्यवहार पन्नास लाखांच्या वर, म्हणून किमतीतला १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा. ते ९०,००० काकूंच्या रकमेतून जातात.

‘माझ्या एकटीच्याच नावावर घ्यायचंय,’ लेक म्हणते.

आईचं तिकडे लक्ष नाही. ती खिडकीतून वाकून बाहेरचा सज्जा बघतेय. डोकं आत घेते, हात झटकते.

‘काम कुणी केलं? त्या पेंटरचा नंबर द्या. मला आधी त्याच्याशी बोलायचंय.’

काकू चष्मा शोधू लागतात. दाराबाहेरून कुणीतरी विचारतं, अजून किती वेळ लागेल?