दोमिंगो ऐकणाऱ्यांनी केशवरावांविषयीही वाचावं

चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात नाट्यपदांना दाद देणाऱ्यांना ऑपेराचा टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) परका वाटायचं कारण नाही. ऑपेरा आणि संगीत नाटकाच्या तुलनेवर आक्षेप ठरलेला: ऑपेरात सगळं गातात, संगीत नाटकात मध्येच बोलतात. पण ऑपेराचे टेनर प्लासिदो दोमिंगो (जन्म १९४१, माद्रिद) यांचे आईवडील गायचे ते थार्थुएला हे गाणं आणि संवाद दोन्ही असलेलं स्पॅनिश नाटकच! आपल्याकडे 'ललितकलादर्श' नाटक मंडळीचे केशवराव भोसलेही (१८९०–१९२१) ऑपेरा गायकांसारखेच माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत. ८ जुलै १९२१ च्या 'संयुक्त मानापमाना'त, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या 'मानापमान' नाटकाच्या प्रयोगात, ते नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. राग-ताना ऑपेरात नसतात, हे मान्य. मात्र तिथे स्वर लिहून मिळतात, केशवरावांना तान उभ्याउभ्या सुचावी लागे. 'संयुक्त मानापमाना'नंतर तीनच महिन्यांत, एकतिसाव्या वर्षी ते गेले.