खडकवासल्यातील अर्धा किलो शिसे!

पुणे - खडकवासला धरण काठोकाठ भरले, की त्यात सुमारे दोन टीएमसी, म्हणजे ५६ अब्ज लिटर पाणी असते. एवढ्या पाण्यात अर्धा किलो शिसे विरघळून एकजीव झाले, तर ते शोधता येईल का? येईल. त्यासाठी धरण उपसावे लागणार नाही. पेलाभर पाणी पुरेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. धरणाच्या हिशेबात हे शिसे ५६० किलो भरते. त्याच्या हजाराव्या हिश्शाचाही माग काढणाऱ्या यंत्राचे नाव लांबलचक आहे - 'इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटर'. प्रयोगशाळांत त्याला 'आयसीपी-एमएस' म्हणतात.

नमुन्याचे सूक्ष्म तुषार करून ते आरगॉन वायूच्या प्रवाहाबरोबर प्लाझ्मात सोडले जातात. रेडिओ लहरींच्या ऊर्जेने पेटता राहणाऱ्या या प्लाझ्माचे तापमान सहा ते दहा हजार केल्व्हिन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही अधिक असते. तेथे रेणू टिकत नाहीत. अणू सुटे होऊन विद्युतभारित होतात. जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून ते निर्वात कक्षात ओढले जातात. चार दांड्यांमधील विद्युतक्षेत्र एका वेळी एकाच वस्तुमानाच्या आयनांना वाट देते आणि पलीकडचा शोधक त्यांची मोजदाद करतो. शिशासाठी २०६, २०७ आणि २०८ या वस्तुमानांची बेरीज धरतात.

आर्सेनिकचे वस्तुमान ७५. पण प्लाझ्मातील आरगॉन (४०) आणि मिठातील क्लोरीन (३५) यांची जोडी जमली, तर तीही ७५ च भरते. खारट पदार्थात नसलेले आर्सेनिक 'सापडते' ते असे! म्हणून वाटेत हेलियम भरलेला कक्ष ठेवतात. जोड-आयन आकाराने मोठा असल्याने त्याच्या टकरा जास्त होतात. त्याची ऊर्जा घटते आणि तो मागे पडतो.

यंत्र एवढे तल्लख असले, तरी खरी परीक्षा त्याआधीच्या टेबलावर असते. २०१५ मधील 'मॅगी' प्रकरण वाचकांना आठवत असेल. कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेच्या अहवालात शिसे १७.२ पीपीएम आढळले. मर्यादा होती २.५. जून २०१५ मध्ये देशभर बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना या चाचणीसाठी आवश्यक मान्यता नव्हती, हे त्यामागचे एक कारण. हैदराबाद, मोहाली आणि जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, आणि सर्व ९० नमुन्यांत शिसे मर्यादेच्या आत निघाले.

आधीचा आकडा नेमका कशामुळे आला, हे यावरून सिद्ध होत नाही. पण असा आकडा किती नाजूक असतो, ते साध्या गणिताने कळते. अर्धा ग्रॅम शेवया नायट्रिक आम्लात पचवून द्रावण ५० मिलिलिटर केले, की नमुना शंभर पट पातळ होतो. २.५ पीपीएमची मर्यादा त्या द्रावणात २५ पीपीबी होते. म्हणजे संपूर्ण बाटलीत शिसे केवळ सव्वा मायक्रोग्रॅम. भिंतीच्या जुन्या रंगाचा डोळ्यांना जेमतेम दिसेल असा कणही तेवढे शिसे बाटलीत आणू शकतो. म्हणूनच नमुन्याबरोबर एक 'कोरी' बाटलीही त्याच आम्लाने, त्याच भट्टीतून न्यावी लागते. तिच्यात शिसे दिसले, तर नमुन्यातील आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

औषधांच्या तपासणीतही हे तंत्र आता रुळले आहे. सल्फाइड घालून द्रावणाचा रंग किती गडद झाला, हे डोळ्यांनी ताडण्याची जुनी पद्धत अमेरिकी औषधकोशाने जानेवारी २०१८ पासून मोडीत काढली. तेथे माल पाठविणाऱ्या कंपन्यांना धातूनिहाय स्वतंत्र मर्यादा पाळाव्या लागतात.

घरच्या नळाचे पाणी तपासून घ्यायचे असेल, तर प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारावा. 'एनएबीएल'ची मान्यता सरसकट नसते; ती चाचणीनिहाय असते. तेव्हा मान्यतेच्या यादीत 'पाण्यातील शिसे' आहे का, हे पाहावे. आणि पहिला नमुना पहाटेचा, नळ सोडताक्षणी येणारा घ्यावा. रात्रभर तोटीत आणि जलवाहिनीत साचलेल्या पाण्यातच शिसे उतरलेले असण्याची शक्यता अधिक असते.