नेतृत्वाचा बेणेमळा शाळेत लावू या



उसाचे बेणे घेताना आपण किती पारखून घेतो! खोडव्याचे नको, दहा-अकरा महिन्यांचेच हवे, डोळा ठसठशीत हवा, काणीचा एकही फटकारा प्लॉटात दिसता कामा नये. शक्यतो बेणेमळ्यातलेच आणायचे. बेणे खराब निघाले तर लागणही गेली आणि खोडवाही गेला, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण उद्या सोसायटी, ग्रामपंचायत आणि हा कारखाना जी माणसे चालवणार, त्यांचा बेणेमळा कुठे आहे? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

गेल्या महिन्यात वडनेर भोलजी येथे सभासदांच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. नांदुरा तालुक्यातले, महामार्गावरचे हे गाव. मुलूख मूळचा कपाशीचा. बैठक संपल्यावर चहा घेताना एक वयस्कर सभासद म्हणाले, "आमचे पोट्टे मीटिंगले येतच नाहीत. आले तर मोबाइल पाहत बसतात. आमच्या मागं कोन पाहीन हे सारं?" त्यांच्यासोबत आठवी-नववीतली नात आली होती. आजोबांना चष्मा नव्हता म्हणून वार्षिक अहवाल तीच वाचून दाखवत होती. मधेच थांबून तिने विचारले, "आबा, येणे बाकी म्हणजे काय?" आजोबांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही शेजारच्यांकडे पाहिले. उत्तर द्यायला जरा वेळच लागला. आजोबा ज्याला शोधत होते तो त्यांच्या शेजारीच बसला होता, आणि तो पोट्टा नव्हता, पोट्टी होती!

खरे सांगायचे तर दोष नव्या पिढीचा नाही. आम्ही स्वतः वार्षिक सभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिलो तेव्हा बेचाळीस वर्षांचे होतो. प्रश्न साधा होता, वाहतूक खर्चाबद्दलचा. पण पाय लटपटले, घसा कोरडा पडला आणि अर्धा प्रश्न पोटातच राहिला. 'मंजूर, मंजूर' असा गजर झाला आणि विषय पुढे गेला. असे का झाले? चारचौघांत उभे राहून मुद्दा मांडण्याची, हिशेब मागण्याची आणि द्यायचीही सवय आम्हाला कोणी लावलीच नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकणाऱ्याची जी गत, तीच आमची. विदर्भातले अनेक सहकारी कारखाने बंद पडले, काही विकले गेले. त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण सभासद विचारत नाहीत आणि नवी माणसे तयार होत नाहीत, तिथे संस्था आतून पोकळ व्हायला वेळ लागत नाही, एवढे मात्र नक्की.

ही सवय लावायची जागा म्हणजे हायस्कूल आणि साधन म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेले एक लहानसे मंडळ. हे काही नवे खूळ नाही.

विनोबांचेच उदाहरण घ्या. भूदानाचे विनोबा आपल्याला माहीत आहेत, पवनारचे विनोबा तर आपल्या विदर्भाचेच. पण १९१४ साली ते बडोद्यात शिकत होते, मॅट्रिक होऊन नुकतेच कॉलेजात गेले होते. त्या वेळी त्यांनी दहा-पंधरा मित्रांना जमवून 'विद्यार्थी मंडळ' काढले. सुरुवातीला कोणाच्या तरी घरी जमायचे. पुढे आपापसांत वर्गणी काढून भाड्याची खोली घेतली. शिवजयंती, गणेशोत्सव साजरा करायचा, एकेकाने एकेका विषयाचा अभ्यास करून तो इतरांपुढे मांडायचा, असा क्रम होता. मुलांनी घरोघर फिरून पुस्तके मागितली आणि सुमारे १६०० पुस्तकांचे ग्रंथालय उभे केले. दारात उभे राहून मागणे, नकार ऐकून घेणे, मिळालेल्या पुस्तकाची नोंद ठेवणे, दिलेले परत आणणे, या साऱ्याचा विचार करा. विद्यार्थिदशेत हे ज्याने केले, त्याला पुढे गावोगाव पायी फिरून जमीन मागणे अगदीच परके वाटले नसेल. त्या मंडळातले गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे यांच्यासारखे मित्रही पुढे गांधीजींच्या कामात आले.

याच मित्रांची एक गोष्ट सांगतात. शिवजयंती खोलीत करायची नाही, स्वातंत्र्यवीराची जयंती मोकळ्या रानातच शोभते, असे ठरले. सुट्टी नव्हती म्हणून इतिहासाचा तास बुडवला. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी दंड केला, तर मुलांनी लगेच खिशातून पैसे काढून दिले. दंड होणार हे धरूनच ते पैसे घेऊन आले होते! तास बुडवावा असे आम्ही सुचवत नाही. पण निर्णय आपला असेल तर त्याची किंमतही आपणच मोजायची, सबबी सांगायच्या नाहीत, हा नेतृत्वाचा पहिला धडा त्यात आहे.

दुसरे उदाहरण परदेशातले, पण शेतकऱ्याच्या घरचेच. अमेरिकेत ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम नावाचे शाळांचे अधीक्षक होते. त्यांनी १९०२ साली खेड्यातल्या मुलामुलींचे मंडळ सुरू केले. मुले सुधारित बियाण्याचा मका लावत, लिटमस कागदाने मातीची परीक्षा करत, भाजीपाला पिकवत. आणि मोठ्यांच्या सभेसारखी सभा घेऊन आपले अनुभव सांगत. तिकडच्या तज्ज्ञांना एक अनुभव आला. बाप लोक नव्या बियाण्याचे भाषण ऐकून घेत आणि वावरात जुनेच पेरत. पण स्वतःच्या पोराच्या तुकड्यातले कणीस डोळ्यांनी पाहिले की विचार करत. अशाच मंडळांतून पुढे 'फोर-एच' ही मोठी चळवळ उभी राहिली. करून शिका, हे तिचे सूत्र. आपल्याकडेही ठिबकचे, माती परीक्षणाचे, पाचट न जाळता कुजवण्याचे शिक्षण घरात पोरांच्या हातून गेले तर ते लवकर रुजेल.

तिसरे उदाहरण आपल्याच धंद्याचे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० साली कारखान्याचे धुराडे पेटले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी १९२३ मध्ये विखे पाटलांनी लोणीत पतपेढी काढली होती, हे किती जणांना आठवते? म्हणजे कारखान्याच्या आधी सत्तावीस वर्षे छोट्या संस्थेची वही होती. मोठी संस्था चालवण्याचे बळ लहान संस्थेच्या वहीतून येते. विद्यार्थी मंडळ ही त्याहूनही लहान वही. तिथे चूक झाली तर नुकसान दहा-वीस रुपयांचे, शहाणपण मात्र जन्माचे.

आता हे करायचे कसे? आमच्या समजुतीप्रमाणे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, सुरुवात पदांपासून करू नये, कामापासून करावी. आधी अध्यक्ष निवडला की मंडळ हार-तुऱ्यांत अडकते. आठवी-नववीतल्या दहा-पंधरा मुलामुलींनी एकत्र बसून विचारावे, आपल्या गावात कोणते काम आपल्याला जमण्यासारखे आहे? शाळेत पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाची नोंद ठेवणे, दर महिन्याला गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी मोजून फळ्यावर लिहिणे (मोठा माणूस सोबत असेल तरच), शेतकऱ्यांचे मातीचे नमुने योग्य रीतीने काढून देणे, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जुनी पुस्तके जमवणे. यांपैकी एकच काम घ्यावे आणि वर्षभर सोडू नये.

दुसरी, तीन वह्या ठेवाव्यात: हजेरीची, इतिवृत्ताची आणि रोजकीर्दीची. सभेत काय ठरले, कोणी करायचे, केव्हापर्यंत, हे इतिवृत्तात लिहावे आणि पुढच्या सभेची सुरुवात तेच वाचून करावी. रोजकीर्दीत एक रुपया आला तरी नोंद, गेला तरी नोंद. ज्या मुलीने वर्षभर रोजकीर्द लिहिली, तिला 'येणे बाकी' म्हणजे काय हे कोणाला विचारावे लागणार नाही.

तिसरी, कामे फिरती असावीत. दर तीन महिन्यांनी अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार बदलावेत. चांगला बोलतो म्हणून एकालाच वर्षभर अध्यक्ष ठेवला तर त्याला भाषण येईल, बाकीच्यांना टाळ्या येतील. अबोल मुलाला खजिनदार करून पाहा. पुष्कळदा तोच पक्का निघतो. आणि मुलींना केवळ रांगोळी व स्वागतगीत देऊन भागवू नका. वही त्यांच्याही हाती आली पाहिजे.

चौथी, मतभेद झाला तर तो मांडू द्यावा. हात वर करून मत घ्यावे, हरलेल्यांचे म्हणणेही वहीत लिहावे आणि मग ठरलेले काम सर्वांनी मिळून करावे. हरूनही कामाला येणे हे जिंकण्यापेक्षा अवघड शिक्षण आहे. आपल्यापैकी किती मोठ्यांना ते जमते, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे!

पाचवी, वर्षाच्या शेवटी पालकांपुढे वार्षिक सभा घ्यावी. मुलांनी अहवाल व हिशेब मांडावा आणि आपण पालकांनी प्रश्न विचारावेत. कौतुकाचे नव्हे, खरे प्रश्न.

यात मोठ्यांचे काम काय? शेजारच्या खानदेशात अमळनेरला साने गुरुजी १९२४ पासून प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, आणि मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. स्वच्छ राहा, वाचा, असे नुसते सांगत बसले नाहीत, आधी स्वतः करून दाखवले. मार्गदर्शक शिक्षकाने आणि आपण एवढेच करावे: जवळ असावे, पण वही हातातून काढून घेऊ नये. आणि गावातले गट-तट शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावेत. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसवली, एकाच चुलीवरचे जेवू घातले. त्या मुलांना एकत्र राहता आले आणि आपल्याला एका मंडळात हा कुणाचा, तो कुणाचा दिसत असेल, तर शिक्षणाची गरज मुलांना नसून आपल्याला आहे.

काही पालक म्हणतील, अशाने अभ्यास मागे पडेल. आठवड्यातला एक तास आणि महिन्यातला एक रविवार, एवढाच हा खर्च आहे. क्रिकेट पाहण्यात याहून जास्त जातो! शिवाय पोरगा पुढे शेतीत राहो, नोकरीला पुण्याला जावो की पोरगी दुसऱ्या गावी नांदो, चारचौघांत सरळ बोलणे आणि चोख हिशेब ठेवणे कुठेही वाया जात नाही.

तेव्हा सभासदांना आमची विनंती एवढीच आहे. आपल्या गावच्या हायस्कुलात जाऊन मुख्याध्यापकांशी बोला. मंडळ निघाले तर त्यांच्या पहिल्या सभेला मागच्या बाकावर गप्प बसा. आणि कारखान्याच्या पुढच्या वार्षिक सभेला येताना अहवाल घरी मुलामुलींकडून एकदा वाचून घेऊन या. ते अडतील त्या शब्दावर आपणही अडत असू, तर तोच प्रश्न सभेत विचारा. आम्ही उत्तर तयार ठेवून येऊ. वडनेरच्या त्या मुलीला आम्ही तसा शब्द दिला आहे.