सरहद्दीवरचे कॅम्प

तेरणा नदीच्या काठचे, धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव आज निम्न तेरणा धरणामुळे ओळखले जाते. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता आणि येथून नळदुर्गमार्गे सोलापूरकडे निघालेल्या माणसाला वाटेत स्वतंत्र भारताची हद्द ओलांडावी लागत होती. या हद्दीलगत, भारताच्या बाजूस, १९४७-४८ मध्ये सशस्त्र प्रशिक्षणाची जी ठाणी उभी राहिली, त्यांना मराठवाड्यात 'कॅम्प' असेच म्हटले गेले, आणि पुढे सरकारी कागदांतही 'सरहद्दीवरील कॅम्प' हेच नाव कायम झाले.

या ठाण्यांची वैचारिक पूर्वतयारी मात्र बरीच आधीची आहे. लोहारा तालुक्यातच असलेल्या हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा, म्हणजे सरकारी शिक्षणापासून अलिप्त राहून स्वदेशीचे संस्कार देणारी शाळा, निघाली होती आणि पुढे तिची धुरा वाहणाऱ्या व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३२ मध्ये हिप्परग्यालाच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. त्यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसचा मार्ग सत्याग्रहाचा होता. पण निजामाने भारतात विलीन होण्याचे नाकारले, स्वामीजी तुरुंगात गेले आणि कासिम रझवीच्या रझाकारांचा, म्हणजे संस्थानाच्या बाजूने लढणाऱ्या निमलष्करी स्वयंसेवकांचा, जाच गावोगाव वाढला, तेव्हा दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने संस्थानाबाहेरून लढा चालवण्याचे ठरवले. रझवी हा लातूरचा वकील आणि लातूर त्या काळी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते, त्यामुळे या भागात दोन्ही पक्षांची माणसे एकमेकांना चांगलीच परिचित होती.

कॅम्पांना खरे बळ दिले ते नकाशाने. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्याचा, म्हणजे आधी ब्रिटिशांचा व नंतर भारताचा, असूनही त्याला निजामाच्या मुलखाने वेढलेले होते. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी एकाच प्रवासात दोन राज्यांतून धावत असे. अशा गुंतागुंतीच्या हद्दीमुळे रात्री संस्थानात शिरून हल्ला करावा आणि उजाडण्याच्या आत भारतीय गावात परतावे, हे शक्य होत असे. बार्शी तालुक्यातील गौडगाव आणि चिंचोली ही नावे या संदर्भात वारंवार येतात, तर मनमाड, सोलापूर, गदग आणि विजयवाडा ही मोठी केंद्रे होती. याच गुंत्याचा दुसरा अर्थ असा, की भारतीय लष्करालाही आपल्याच एका ठाण्याहून दुसऱ्याकडे जाताना निजामाची जमीन तुडवावी लागे. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील नान्नज येथे जुलै १९४८ मध्ये लष्करी तुकडीवर हल्ला झाला आणि त्यानंतर लष्कराने ते गाव ताब्यात घेतले.

कॅम्पमधील शिक्षणात बंदूक चालवणे, हातबॉम्ब फेकणे, तारा तोडणे अशी कामे होती, तरी हे ठाणे म्हणजे लष्करी छावणी नव्हे. संस्थानातून पळून आलेल्या कुटुंबांचा आसरा, निरोपांची देवघेव आणि पैशांची जुळवाजुळव हीही त्याचीच कामे होती. हल्ल्यांचे लक्ष्य बहुधा करोडगिरीचे नाके, म्हणजे सीमेवर मालाची जकात वसूल करणारी ठाणी, असत. शिंदीची झाडे तोडण्यामागेही सरकारचे अबकारी उत्पन्न बुडवण्याचा हेतू होता. सैन्याला सैन्याने भिडण्यापेक्षा तिजोरीला भोक पाडण्याकडे कल होता, आणि अपुऱ्या शस्त्रांच्या मानाने तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या हाताखालील मुख्य फौज सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्याने निघाली व पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आले. त्या दिवशी याच भागात धारातीर्थी पडलेले हवालदार बचित्तर सिंग हे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक होत. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि कॅम्पांचे प्रयोजन संपले.

पुढे केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनासाठी या कॅम्पांना मान्यता दिली, तेव्हा एक निराळीच अडचण उभी राहिली. तुरुंगवास भोगलेल्याची नोंद तुरुंगाच्या दफ्तरात सापडते. गुप्ततेवरच चाललेल्या कॅम्पात मात्र हजेरीपट ठेवणे हेच धोक्याचे होते. म्हणून पुरावा मुख्यतः कॅम्पप्रमुखाच्या किंवा सहकाऱ्यांच्या दाखल्यावर येऊन ठेपला, खऱ्यांबरोबर खोटे अर्जही दाखल झाले, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण तर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले.