छारानगरातली पाव शतकाची तालीम

बुधन सबरचा अहमदाबादशी काहीही संबंध नव्हता. तो पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या अकरबाईद गावचा, खेडिया सबर जमातीचा तरुण. फेब्रुवारी १९९८ मध्ये पोलिसांनी त्याला बायकोदेखत उचललं आणि आठवडाभरात तो कोठडीत मेला. आत्महत्या केली, असं पोलिसांनी सांगितलं. गावकऱ्यांनी मृतदेह जाळल्याचं दाखवलं आणि प्रत्यक्षात तो पुरून ठेवला. म्हणून तर दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकलं. लेखिका महाश्वेतादेवी ज्या सबर कल्याण समितीचं काम करत, तिने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. जुलैमध्ये न्यायमूर्ती रुमा पाल यांनी सीबीआय चौकशीचा आणि बुधनची विधवा श्यामली हिला भरपाई देण्याचा आदेश दिला.

आणि ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर, अहमदाबादच्या छारानगर वस्तीतल्या पोरांनी या प्रकरणाचं नाटक करून दाखवलं. तारीख साधीसुधी नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सबर आणि छारा यांसारख्या जमाती १९५२ साली सुटल्या, त्या ३१ ऑगस्टचा तो दिवस.

छारा ही त्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेली जमात. इंग्रजांनी त्यांना अहमदाबादच्या सीमेवर तारेच्या कुंपणात आणून बसवलं. सोलापूरच्या अशाच कुंपणातल्या वस्तीची, ‘सेटलमेंट’ची, गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कुंपण गेलं, पण पोलिसांच्या वहीतली नावं राहिली. नोकरी मिळेना. मग दारूबंदीच्या गुजरातेत हातभट्टी आणि चोरी हेच दोन धंदे उरले, आणि त्याच पैशावर पोरं शाळेत गेली. ही गोष्ट छारा लोक स्वतःच, न लाजता सांगतात. जाता जाता एक: या वस्तीतली आडनावं ऐकून मराठी माणूस दचकतो. इंद्रेकर, गागडेकर, तमायचीकर. पुण्याकडच्या कंजारभाटांचं आणि यांचं गोत एकच.

१९९८ च्या सुरुवातीला महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक गट उभा केला. गणेश देवी मूळचे भोरचे, बडोद्यात इंग्रजी शिकवलेले. ‘भाषा’ ही संस्था त्यांनी त्याआधीच काढली होती. ही मंडळी छारानगरात गेली तेव्हा पोरांनी मागितलं ते वाचनालय. नाटक नंतर आलं, आणि मला वाटतं हा क्रमच पुढच्या पंचवीस वर्षांचा पाया आहे. बाहेरून येणारे कार्यकर्ते सहसा मनात कार्यक्रम ठरवून येतात आणि वस्तीला त्यात भूमिका वाटतात. इथे पाहुण्यांनी पुस्तकांची सोय केली, बुधनच्या खटल्याची हकीकत पोरांच्या हाती पोचवली आणि तालमीत लुडबूड केली नाही. देवी काही नाट्यदिग्दर्शक नव्हते आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. पुढारपणाचा हा प्रकार आपल्याकडे मोजायची पद्धत नाही. जो व्यासपीठावर दिसतो, त्याचीच आपण नोंद करतो.

नाटक लिहिलं आणि बसवलं दक्षिण बजरंगे या विशीतल्या छारा तरुणाने. हिंदीत, कोर्टाच्या निकालाच्या आधाराने. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही. अभिनय मात्र शिकवावा लागला नाही, असं तिथली मंडळी म्हणतात. चोरी करताना आणि पोलिसांपुढे उभं राहताना अभिनयच तर करावा लागतो, हा त्यांचा लाडका विनोद. विनोद म्हणून ठीक आहे, पण मला तो पुरता पटत नाही, कारण त्यात जन्मजात गुन्हेगार या जुन्या कल्पनेचाच एक गोड अवतार डोकावतो. पोरांना खरं ठाऊक होतं ते दार वाजवणाऱ्या पोलिसाचं चालणं-बोलणं. नाटकात कोठडीत मार खाणारा बुधन सबर असला, तरी प्रेक्षकांत बसलेल्या आयांना त्यात दिसत होता तो आपापला नवरा नाहीतर मुलगा. शेवटी सगळे नट प्रेक्षकांसमोर येऊन विचारतात, आम्ही दुय्यम नागरिक आहोत का. संघाला नावही मग बुधनचंच मिळालं: बुधन थिएटर.

महाराष्ट्राकडे वळायला त्यांना वेळ लागला नाही. जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारध्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता. छारानगरच्या पोरांनी त्याच्यावरही नाटक केलं. मराठी रंगभूमीने या मृत्यूची किती दखल घेतली हा प्रश्न अवघड आहे. अहमदाबादच्या एका वस्तीला बारामतीचा पारधी आपला वाटला, एवढं मात्र खरं.

आपल्याकडे लोककलेच्या चळवळीचा पुढारी म्हटला की शाहीर डोळ्यांपुढे येतो. अमर शेख, अण्णा भाऊ साठे. हजारोंच्या सभेवर पसरणारा एक आवाज आणि त्यामागे झील धरणारे. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ च्या पावसाळ्यात, सहा आठवड्यांच्या अंतराने गेले, आणि तो आवाज कुणाला उसना घेता आला नाही. छारानगरात असा आवाज कधी नव्हताच. बजरंगेंचं नाव सगळ्यांत पुढे राहिलं हे खरं. लेख, मुलाखती, परदेशची आमंत्रणं त्यांच्याच वाट्याला आली. पण संघाची रचना अशी, की वाचनालयात बसणारं पोर मोठ्यांची तालीम बघतं, मग गर्दीत उभं राहतं, मग भूमिका करतं आणि काही वर्षांनी स्वतः नाटक बसवतं. ‘बुधन’मधल्या भूमिका पिढीगणिक बदलत गेल्या. दारिओ फोचं पोलीस ठाण्यातल्या मृत्यूवरचं प्रहसन असो की जाँ जनेचं ‘बाल्कनी’, कुठलंही परकं नाटक त्यांनी आपल्या गल्लीत आणून बसवलं.

याला दुसरी बाजूही आहे. पैसा कधीच नव्हता. नाटकावर घर चालत नाही म्हणून माणसं निघून गेली: कुणी पत्रकारितेत, कुणी वकिलीत, काही राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. बजरंगे स्वतः सिनेमाकडे वळले; २०१७ मध्ये त्यांचा ‘समीर’ हा चित्रपट आला. दुसऱ्या एखाद्या नाट्यसंस्थेत याला गळती म्हटलं असतं. छारानगरात एक वकील वस्तीत असणं हे दहा प्रयोगांपेक्षा मोलाचं, आणि संघातल्या जाणत्यांनी जाणाऱ्यांना अडवलं नाही. याची किंमत म्हणजे प्रत्येक वेळी नव्या पोरांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाटकांच्या घडणीत ती कसर दिसतेही. रंगभूमीचा चोखंदळ समीक्षक त्यातल्या कित्येक प्रयोगांना कच्चे म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खोटं ठरणार नाही.

२६ जुलै २०१८ च्या रात्री पोलिसांनी छारानगरवर धाड घातली. घरांत शिरून मारहाण झाली, गाड्या फोडल्या गेल्या, माणसं उचलली गेली. त्यांत वकील होते, एक छायापत्रकार होता. वीस वर्षांपूर्वी ज्या गल्ल्यांत लोक ‘बुधन’ पाहायला जमले, तिथलाच हा प्रसंग. फरक इतकाच, की पकडलेल्यांना दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं तेव्हा त्यांनी मारहाणीची तक्रार तिथल्या तिथे केली. कुठल्या कायद्यान्वये, हे त्यांच्यातल्या वकिलांना कुणी सांगायची गरज नव्हती.