जुडगा काउंटरवरच

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यापासून जो तो विचारतो, नवा पीसी घ्यायचा का? मला त्याहून जुन्या दुखण्याबद्दल बोलायचंय.

शहापूरला सातबारा काढायला एका सेवा केंद्रात बसलो होतो. दाखले भरणारी मुलगी, रिचार्ज मारणारा तिचा भाऊ, गाणी उतरवून घेणारी पोरं, सगळी एकाच खात्यातून आत. खात्याचं नाव ‘ॲडमिन’. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. स्क्रीन काळवंडून परवानगी मागते न मागते, तोच ‘येस’.

परवानगी मागणारी ही चौकट विंडोजमध्ये २००७मध्ये व्हिस्टाबरोबर आली. तेव्हापासून ॲडमिनही रोजची कामं कमी अधिकारांवर करतो. ‘येस’ म्हटलं की मात्र तो प्रोग्राम पूर्ण मालक. साध्या खात्यात नुसतं ‘येस’ चालत नाही, ॲडमिनचा पासवर्ड लागतो. कामापुरताच अधिकार द्यावा, हे सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५मध्येच लिहून ठेवलंय. ऐकतो कोण?

पटत नसेल तर न्हावाशेवा बंदर आठवा. २७ जून २०१७ला नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा आडवी केली आणि तिथल्या, म्हणजे जेएनपीटीतल्या, त्यांच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे इमानदारीने अपडेट घेणारेच आधी बुडाले! आत शिरल्यावर तो मशीनच्या मेमरीतले पासवर्ड उपसायचा, आणि या उपशालाही ॲडमिनचेच अधिकार लागतात. मोठ्या अधिकाराचा पासवर्ड हाती लागला की त्याच चावीने शेजारची मशीनं उघडायची, मग त्यांवर सगळे पॅच टाकलेले का असेनात. मर्स्कला ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

‘साहेब, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर टाकायला दर वेळी कल्याणहून माणूस आणू?’ केंद्रवाल्याचा हा सवाल रास्त आहे. बरीच सॉफ्टवेअरं आजही ॲडमिनशिवाय अडून बसतात, आणि तो दोष ती लिहिणाऱ्यांचा. साधं खातं काही कवचकुंडलं नव्हे. त्यातल्या पीडीएफ व्हायरस तरीही कुलूपबंद करील. पण विंडोज आणि दुसऱ्यांची खाती सहजी हाती लागत नाहीत. रोजच्या कामाला असं वेगळं खातं काढायचा खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

मुरबाडच्या एका ओळखीच्या दुकानदाराने खाती वेगळी केली. पुढे तो म्हसाच्या यात्रेत आणि इकडे प्रिंटर अडलेला. गर्दीतूनच त्याने फोनवर पोराला ओरडून पासवर्ड सांगितला. परत आल्यावर बदलला, एवढं मात्र केलं.